साक्षीतलं मरण

साक्षीत मी माझ्या बायकोला मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती मला दिसली.

बायकांच्या बाजूला, चौथ्या-पाचव्या रांगेत, बोर्डिंगच्या मुलींच्या मधोमध मांडी घालून बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर पेंगलेली एक लहान मुलगी. चौदा वर्षांत केस पिकले होते, अंगानं भरली होती. पण मान एका बाजूला कलती ठेवून ऐकायची तिची सवय मी कशी विसरणार? सगुणाच होती. माझी बायको. जिला मी गेली अकरा वर्षं गावोगावच्या सभांमधून मारत आलो होतो.

दचकू नका, सांगतो. आमच्या ख्रिस्ती मंडळींत साक्ष द्यायची रीत आहे. ही साक्ष कोर्टातली नव्हे. आपण काय होतो, देवानं आपल्याला कुठल्या चिखलातून उचललं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आणि माझी साक्ष आमच्या नगर भागात तेव्हा गाजलेली होती बरं का. ‘भास्करभाऊ अमोलिक यांची जिवंत साक्ष’ असं पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापायचे, कधी कधी पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्याही, नावाच्या वर. एरवी मी सायकली दुरुस्त करणारा माणूस. पंक्चर काढायची, चेन बसवायची. पण हिवाळ्यात सभांचा हंगाम लागला की दुकानाला कुलूप. एका गावाहून दुसऱ्या गावाला, पाळकांच्या ओसरीवर नाहीतर शाळेच्या वर्गात झोपायचं, सकाळी कुणीतरी चहा आणून द्यायचं, आणि पुन्हा एस.टी. हजार माणूस माझं ऐकायचं आणि त्यातल्या एकाशीही माझी धड ओळख नव्हती. आज मी सत्तरीला टेकलोय. साक्ष देऊन पंचवीस वर्षं झाली. का थांबलात, असं कुणी विचारलं की मी घसा बसला म्हणून सांगतो. आज खरं सांगतो.

साक्ष अशी होती. मी दारुडा. कमावलेलं सगळं पिऊन टाकायचो, बायकोला मारायचो. ती बिचारी झुरून झुरून आजारी पडली. शेवटच्या दिवशी तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘भास्कर, मी तुम्हाला क्षमा केली, देवही करील.’ एवढं बोलून तिनं प्राण सोडला. तिच्या मातीहून परत येताना मी खिशातली बाटली दगडावर आपटली, ती कायमची. इथं बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी जरा थांबायचो. किती थांबायचं, हेही आता अंगवळणी पडलं होतं.

यातली दारू खरी. मारणं खरं. दारू सुटली तेही खरं, आणि ती देवानंच सोडवली, त्यात तसूभर खोट नाही. दवाखान्याच्या खाटेवर पाय मोडून पडलो असताना एक म्हातारा वॉर्डबॉय रोज माझ्यासाठी प्रार्थना करायचा. मी त्याला शिव्या घालायचो. एक दिवस शिव्या तोंडातच राहिल्या आणि मी रडायला लागलो. तिथून पुढं थेंबाला शिवलो नाही. पण ही साधी गोष्ट. एवढ्यावर कोण पत्रक छापतो?

सगुणा मात्र मेली नव्हती. मला टाकून गेली होती. पहिल्याच साक्षीला मी नुसतं दारूचं सांगितलं, तर पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, “आन बायको कुठाय रं लेकरा?” एवढ्या माणसांपुढं ‘टाकून गेली’ म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, “वारली.” म्हातारीनं डोळे पुसले. तिचं बघून आणखी चार जणींनी पुसले. पुढच्या गावी बदलून सांगायची सोय राहिली नाही. मग दर वर्षी सगुणाचं मरण थोडं थोडं वाढत गेलं. आधी नुसतीच वारली. मग आजारी पडून वारली. मग हात धरून वारली. ते क्षमेचं वाक्य तिसऱ्या वर्षी आलं.

तर त्या शुक्रवारी मी माईकसमोर उभा, आणि समोर ती. मी गप्प झालो. लोकांना वाटलं, भाऊंना भरून आलं. मागून तिथले पाळक ओहोळसाहेब हळूच म्हणाले, “घ्या, पाणी घ्या.” मी पाणी प्यायलो. वाटलं, आता गप बसावं, चक्कर आली म्हणून खाली बसावं. पण काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षांची सवय. जिभेनं आपला रस्ता धरला. तिच्या देखत मी तिला आजारी पाडलं. तिच्या देखत माझा हात तिच्या हातात दिला. तिनं मला क्षमा केली आणि मेली. आजूबाजूच्या बायका हुंदके देत होत्या. सगुणा हलली नाही. मांडीवरच्या मुलीच्या कपाळावर माशी बसली होती, तेवढी तिनं हातानं हाकलली.

सभा सुटल्यावर ओहोळसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “वा, भाऊ! आज तर कमाल केलीत. चला, जेवण बोर्डिंगात आहे. आमच्या मेट्रनबाईंच्या हातचं पिठलं खाल तर गाव सोडणार नाही.”

पण कुठं पळणार? साहेब दंडाला धरून घेऊन गेले. जेवणाच्या खोलीत लांब बाकडी होती, मुली जेवून उठून गेल्या होत्या. ती कमरेला पदर खोचून पातेलं पुसत होती.

“सगुणाबाई, हे आपले अमोलिकभाऊ. आणि भाऊ, या सगुणाबाई. चार वर्षं झाली इथं येऊन. बाईंचंही कोणी नाही, पण साठ मुलींची आई आहेत.”

तिनं हात जोडले. “सलाम, भाऊ.”

भाऊ! चौदा वर्षांनी पहिला शब्द, तोही हा. मी कसाबसा सलाम म्हणालो. तेवढ्यात मांडवाचे दोर सैल झाले म्हणून कुणीतरी साहेबांना हाक मारली आणि ते “तुम्ही सुरू करा” म्हणत निघून गेले. खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

तिनं ताट ठेवलं. पिठलं वाढलं, कांदा ठेवला.

“भाकरी वाढू?”

“सगुणा...”

“भाकरी वाढू का, ते विचारलं.”

“वाढ.”

तिनं भाकरी वाढली आणि समोरच्या बाकड्यावर बसली. मी एक घास मोडला आणि हातातच धरून राहिलो.

“खा की,” ती म्हणाली. “मेलेल्या बाईच्या हातचं आहे म्हणून उतरत नाही का घशाखाली?”

“मी येणार हे तुला माहीत होतं?”

“आठ दिवस झाले पत्रक लागून. दारावरचं तर मीच चिकटवलं.”

“मग सभेला का आलीस?”

“बघायला आले, मी कशी मेले ते. दुसऱ्यांकडून ऐकलं होतं. शिरूरकडची एक शिक्षिका आली होती, तिनं सांगितलं. रडत होती सांगताना.” तिनं मिठाची वाटी माझ्याकडं सरकवली. “आणि काय हो, मरताना मी तुमचं नाव घेतलं म्हणे! भास्कर! आख्ख्या संसारात कधी नाव घेतलं का मी तुमचं? तेवढं तरी नीट जुळवायचं होतं.”

मला क्षणभर हसूच फुटणार होतं, खोटं कशाला बोलू. तिचं बोलणं तसंच होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षीसारखं, खोचक आणि सरळ. त्या आवाजासाठी मी किती भुकेला होतो, ते मला तिथं कळलं.

“चुकलो, सगुणा. मला माफ...”

“थांबा.” तिनं हात वर केला. “माफी मागू नका. ती तुम्ही आधीच घेतलीत ना? माझ्या तोंडून, मला न विचारता. गावोगाव सांगत फिरलात, तिनं मला क्षमा केली. आता परत कशाला मागता? आणि मागितलीत तरी माझ्याकडं नाही ती. शोधली मी. प्रार्थनेला बसून बसून शोधली. नाही सापडली.”

मी मान खाली घातली.

“माझं मरण एवढं सजवलंत,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि जे खरंच मेलं, त्याचं कुठं नावसुद्धा नाही तुमच्या साक्षीत.”

हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. सगुणाला सातवा महिना होता. भरदुपारी मी पिऊन आलो, जेवण गार आहे म्हणून भांडण काढलं आणि तिला ढकललं. ती दारातून खालच्या पायऱ्यांवर पडली. मी घरात जाऊन झोपलो. हो, झोपलो. उठलो तेव्हा घरात कोणी नव्हतं. शेजारच्या ताराबाई, आमच्या मंडळीच्या बायबलबाई, घरोघर जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायच्या, त्यांनी तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं होतं. मी दवाखान्याच्या रस्त्याला न लागता दारूच्या गुत्त्याच्या रस्त्याला लागलो. चार दिवसांनी घरी आलो तर सगुणाची ट्रंक नव्हती. ताराबाई दारात उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, “झालं सगळं. मातीपण झाली.” कोणाची, कुठं, मी काही विचारलं नाही. त्यांना ओलांडून आत गेलो आणि दार लावून घेतलं.

“मी कुणाला सांगणार नाही, भिऊ नका,” सगुणा म्हणाली. “ओहोळसाहेबांना नाही, कुणालाच नाही. माझंही झाकलेलंच आहे. मी इथं विधवा म्हणून नोकरीला लागले.”

मी वर बघितलं. खरंच, गळ्यात काही नव्हतं.

“म्हणजे तू पण मला...”

“हो, मी पण तुम्हाला मारलंय. पण एकदाच. आणि त्याच्यावर कुणाला रडवलं नाही.” तिनं उठून ताटाकडं बघितलं. “टाकू नका हं अन्न. मुलींना मी टाकू देत नाही.”

मी सगळं जेवलो. ती आत भांडी घासत राहिली आणि परत बाहेर आली नाही.

शनिवारी सकाळी ओहोळसाहेब खुशीत होते. उद्या शेवटचा दिवस, आजूबाजूच्या पाच गावांची माणसं येणार, शेवटी प्रभुभोजनाचा विधी, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच ताटातून घास घ्यायचा. “उद्या मुख्य साक्ष तुमचीच,” ते म्हणाले. “आणि भाऊ, एक सांगू? वहिनींच्या शेवटच्या क्षणाचा भाग जरा सावकाश घ्या. काल घाई झाली. लोक तिथंच विरघळतात.”

मी बरं म्हणालो. खोलीत आलो, पिशवी भरली आणि मागच्या वाटेनं थेट स्टँडवर गेलो. गावाहून निरोप आला, असं काहीतरी मागून कळवू. पहिली एस.टी. आली, बसलो, तिकीट काढलं. गाव मागं पडलं तसा मोकळा श्वास घेतला.

शेजारी एक शेतकरी बसला होता, मांडीवर मेथीचं गाठोडं. बोलका माणूस. कुठले, काय करता, सगळं विचारून झालं.

“घरी कोणकोण असतं?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “बायको वारली.”

बोललो आणि मलाच ऐकू आलं. अहो, आदल्याच दुपारी तिच्या हातची भाकरी खाल्ली होती मी! इथं सभा नव्हती, माईक नव्हता, रडायला कुणी बसलेलं नव्हतं. मेथीवाल्याला सांगून मला काय मिळणार होतं? तरी तोंडातून निघालंच. तो बिचारा चुकचुकला, म्हणाला, “लई वाईट झालं. एकटं माणूस म्हणजे हाल.” आणि तेव्हा मला कळलं, मी तिला का मारलं होतं ते. लाज वाटली म्हणून मी पहिल्या दिवशी वारली म्हणालो, हे खरं. पण पुढची अकरा वर्षं त्या लाजेची नव्हती. मेलेल्या माणसाला शोधायला जावं लागत नाही, एवढंच. त्याच्या दारात उभं राहून मान खाली घालावी लागत नाही. देवानं मला दारूतून उचललं आणि मी काय केलं, तर जिच्याकडं जायला हवं होतं तिला पुरून टाकलं आणि वर देवाचे आभार मानत फिरलो.

पुढच्या फाट्याला घंटी मारून उतरलो. मेथीवाला खिडकीतून ओरडला, “अहो, तुमचं गाव लांब आहे अजून!” मी हात केला. परतीची बस दोन तासांनी होती. मी चालतच निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आयुष्यात एवढं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं, दारूच्या दिवसांतसुद्धा नाही. मोठ्यानं प्रार्थना करून बघितली. तीही साक्षीसारखीच यायला लागली, चढ-उतार घेऊन. मग बंद केली आणि नुसता चालत राहिलो.

रविवारी मांडव खच्चून भरला होता. मी उभा राहिलो तेव्हा सगुणा त्याच जागी बसलेली होती, मुलींच्या मध्ये. मी तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. माईकचा दांडा घट्ट धरला.

“माझी साक्ष तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलीय,” मी म्हणालो. “त्यात मी सांगतो, माझी बायको वारली. मरताना तिनं मला क्षमा केली. हे खोटं आहे. माझी बायको जिवंत आहे. तिनं मला क्षमा केलेली नाही. ती कुठं असते, ते सांगायचा मला हक्क नाही.”

मांडवात कुजबूज झाली आणि थांबली. मागं ओहोळसाहेबांची खुर्ची करकरली.

“तिला सातवा महिना होता. मी पिऊन तिला पायऱ्यांवरून ढकललं. त्यात आमचं बाळ गेलं. मी दवाखान्यात गेलो नाही. मातीला गेलो नाही. त्याला कुठं ठेवलं, मला माहीत नाही. आणि...” मी माईक जवळ ओढला. “आणि तो मुलगा होता की मुलगी होती, हेसुद्धा मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.”

एकही पदर डोळ्यांना लागला नाही. सगळे नुसते माझ्याकडं बघत होते. पुढं बसलेल्या एका बाईनं आपलं लेकरू जवळ ओढून घेतलं. आता पुढं काय बोलायचं, किती थांबायचं, मला काही सुचेना. ओहोळसाहेब उठून माईककडं यायला लागले.

“मुलगी होती.”

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेला. सगळ्या माना वळल्या. सगुणा उभी होती. शेजारच्या मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन उभी होती.

“मुलगी होती,” ती पुन्हा म्हणाली. लोकांकडं तिचं लक्षच नव्हतं. माझ्याशी बोलत होती. “घटकाभर जिवंत होती. ताराबाईंनी पाण्यात बोटं बुडवून तिच्या कपाळाला लावली आणि हन्ना म्हणून हाक मारली. केस दाट होते. तुमच्यासारखे.”

एवढं बोलून ती खाली बसली.

अकरा वर्षं मी लोकांना रडवलं, पण त्या साक्षीत मी स्वतः कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी माईकसमोर, पाच गावांच्या पुढं, मी लहान पोरासारखा रडलो. हन्ना. मला मुलगी होती, तिला नाव होतं, तिला केस होते माझ्यासारखे. हे मला सांगायचं देणं कुणीही लागत नव्हतं. सगुणा तर मुळीच नाही. विधवा म्हणून चार वर्षं सांभाळलेली अब्रू तिनं त्या तीन-चार वाक्यांत, सगळ्यांदेखत, मातीत घातली, आणि माझं लेकरू मला दिलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात राहायला नको. आम्ही परत एकत्र राहिलो नाही. सभांची बोलावणी बंद झाली ती कायमची. पत्रकं छापलेल्या दोन गावांनी पोस्टकार्ड टाकून नको म्हणून कळवलं, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. सगुणाची नोकरी मात्र टिकली. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी काही जणांनी आरडाओरडा केला, पण साठ मुलींचे आईबाप बोर्डिंगच्या दारात येऊन बसले, म्हणून टिकली. मी सायकलींकडं परत गेलो. पण त्या रविवारचं अजून राहिलंय, ते सांगतो.

ओहोळसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. त्या गोंधळात मी व्यासपीठावरून उतरलो आणि मांडवाच्या अगदी कडेला, लोकांच्या चपलांचा ढीग पडला होता तिथं जाऊन बसलो. गीत संपलं, प्रभुभोजन सुरू झालं. साहेबांनी नेहमीचा इशारा दिला, ज्यानं त्यानं आपलं मन तपासावं आणि मगच हात पुढं करावा. मी हात मांडीखाली घेतले.

दोन वडीलधारे पंच ताटं घेऊन रांगेरांगेतून निघाले. आमच्याकडं खेड्यात चपातीचेच बारीक तुकडे करतात, नखाएवढे. पुरुषांच्या रांगा संपवत एक पंच माझ्यापर्यंत आले. थांबले. त्यांनी मागं वळून साहेबांकडं बघितलं. साहेबांनी नजर खाली वळवली. पंच तसेच फिरले आणि ताट घेऊन परत गेले. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. अकरा वर्षं या ताटातून मी खोट्या तोंडानं घेतलं होतं, आज नाही मिळालं तर बरोबरच झालं असं वाटलं. तरी छातीत जे तुटलं ते तुटलंच.

ताटं टेबलावर परत गेली. साहेब आता त्यांच्यावर पांढरा रुमाल घालणार, तेवढ्यात सगुणा बसल्या जागेवरून बोलली. पंगतीत वाढताना बोलतात, अगदी त्या आवाजात.

“साहेब, तिकडं चपलांपाशी एक जण राहिलाय.”

साहेबांचा हात रुमालावरच राहिला. “बाई,” ते चाचरत म्हणाले, “ते... आज त्यांचं... समजून घ्या.”

“राहिलाय तो, म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “आणि मी पण नाही घेतलं अजून. ताट माझ्यापुढून गेलं, पण मी हात नाही लावला. मी पण खोटंच बोलून राहिले इथं. तेव्हा आम्हा दोघांचं राहिलंय.”

ती उठली. मुलींच्या रांगेतून वाट काढत, पदर सावरत मागं आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, चपलांच्या ढिगाशेजारी मातीत बसली. माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघत होती, मान तशीच कलती.

ओहोळसाहेब बराच वेळ टेबलापाशी उभे राहिले. त्यांचीही कमाल म्हणायची. त्या दिवशी मी त्यांच्या सभेचा पार विचका केला होता, पाच गावांत त्यांची नाचक्की होणार होती. पण शेवटी त्यांनी पंचांच्या हातात न देता स्वतःच ताट उचललं आणि सगळ्या रांगा ओलांडत आमच्यापर्यंत आले. वाकले. आधी तिच्यापुढं धरलं. तिनं एक तुकडा घेतला. मग माझ्यापुढं धरलं. त्यांचे डोळे भरले होते.

मी तुकडा उचलला. हातात धरला आणि तिच्याकडं वळलो. मला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारल्याशिवाय तो तोंडात घालायची माझी छाती होत नव्हती.

“सगुणा, तू मला माफ...”

“आधी खा,” ती म्हणाली.

मी खाल्लं.